उद्याची जागा पक्की आहे का? पथविक्रेत्यांसाठीच्या नगरसेवेचे परीक्षण

रस्त्यावर पथारी मांडून किंवा हातगाडी लावून धंदा करणारा माणूस नगरपालिकेच्या दप्तरात बहुधा 'अतिक्रमण' या सदराखाली येतो. तो त्या संस्थेचा ग्राहकही आहे, हे मात्र क्वचितच लक्षात घेतले जाते. तो परवान्याचे शुल्क भरतो, जागेचे भाडे देतो किंवा रोजची पावती फाडून घेतो, प्रसंगी दंड भरतो, आणि त्या बदल्यात परवाना, जागा, पाणी, झाडलोट, भांडवलाला थोडी मदत आणि अडचणीच्या वेळी दाद मागण्याची सोय मिळावी अशी त्याची अपेक्षा असते. पैसे मोजून घेतलेल्या इतर कोणत्याही सेवेचे परीक्षण होते, तसे या सेवेचेही व्हायला हरकत नाही. निरनिराळ्या देशांतील शहरांनी ही सेवा कशी दिली, हे येथे मी मुख्यतः एका कसोटीवर तपासले आहे : आज ज्या जागी माल मांडला, त्या जागी उद्याही मांडता येईल याची खात्री विक्रेत्याला मिळते का? स्वच्छता, मोकळे पदपथ आणि सुरळीत रहदारी या गोष्टी महत्त्वाच्या आहेतच. परंतु ज्याला उद्याचा भरवसा नाही तो चांगली गाडी बांधून घेत नाही, कचऱ्याच्या डब्यावर पैसे घालत नाही आणि घाऊक व्यापाऱ्याकडून उधारीवर माल उचलण्याइतकी पतही त्याच्यापाशी साठत नाही, म्हणून ही कसोटी मी पहिली धरली.

सेवेची पहिली खिडकी परवान्याची. ती कशी नसावी, हे न्यूयॉर्कने सर्वांत स्पष्टपणे दाखवले आहे. त्या शहरात रस्त्यावर खाद्यपदार्थ विकणाऱ्याला दोन कागद लागतात : एक त्याच्या स्वतःच्या नावाचा, जो स्वच्छतेचे प्रशिक्षण घेतल्यावर मिळतो, आणि दुसरा गाडीचा. पहिल्याच्या संख्येवर बंधन नाही; दुसऱ्यावर १९८३ मध्ये सुमारे ३,००० ची मर्यादा घातली गेली आणि ती जवळजवळ चार दशके हलली नाही. खाद्यपदार्थांखेरीज इतर माल विकणाऱ्यांची मर्यादा तर १९७९ मध्येच ८५३ वर आणली गेली होती आणि तिच्यातून माजी सैनिकांना तेवढी सूट होती. परवाने गोठले, पण शहरात येऊन गाडी लावू पाहणाऱ्यांची संख्या गोठली नाही, आणि मग व्हायचे तेच झाले. ज्यांच्याकडे गाडीचा परवाना होता त्यांतील अनेकांनी धंदा केव्हाच सोडला होता. नगरपालिकेला दोन वर्षांसाठी साधारण २०० डॉलर देऊन नूतनीकरण करून घेतलेला तो कागद ते प्रत्यक्ष गाडी चालवणाऱ्याला २०,००० डॉलरच्या आणि त्याहूनही वरच्या भावाने भाड्याने देत. म्हणजे नगरपालिकेच्या खिडकीवर जे स्वस्त होते ते खिडकीबाहेर शंभरपट महाग झाले, आणि त्या फरकातला एकही पैसा ना झाडूवाल्यापर्यंत पोहोचला ना पदपथाच्या दुरुस्तीपर्यंत.

या रोगावरचा उपाय शहराने २०२१ मध्ये कायदा करून योजला. २०२२ पासून दहा वर्षे दरवर्षी ४४५ नवे परवाने द्यायचे आणि ज्याच्या नावाने परवाना आहे त्याने स्वतः गाडीवर हजर राहायचे, अशी ही तरतूद होती. यातील आकड्यापेक्षा हजेरीची अट मला अधिक मोलाची वाटते, कारण परवाना भाड्याने देण्याचा व्यवहार तिच्यामुळेच निरर्थक ठरतो. दुर्दैवाने नवे परवाने प्रत्यक्ष हाती पडण्याची गती फार संथ राहिली. कारवाई कोणी करायची, याविषयीही त्या शहराचे मन स्थिर नव्हते. पोलिसांकडची मुख्य जबाबदारी २०२१ मध्ये ग्राहक व कामगार संरक्षण विभागाकडे गेली आणि २०२३ मध्ये तेथून घनकचरा विभागाकडे. रस्त्यावरचा विक्रेता हा गुन्ह्याचा विषय, ग्राहकहिताचा की कचऱ्याचा, हे ज्या संस्थेला इतक्या लवकर पुन्हा ठरवावे लागते, तिच्या खिडकीला पाचपैकी दोनहून अधिक गुण देणे मला जमत नाही.

हाँगकाँगने तर ही खिडकी जवळजवळ कायमची लावूनच घेतली. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीपासून तेथे फेरीवाल्यांना नवे परवाने देणे सामान्यतः थांबवले गेले आणि १९९३ पासून परवाना परत करणाऱ्याला रक्कम देण्याची योजना आली. हा धंदा हळूहळू संपावा, हेच तेथील धोरण. त्यातही एक गोष्ट मात्र चांगली झाली. २०११ मध्ये फा युएन स्ट्रीट येथे लागलेल्या आगीत ९ जणांचा मृत्यू झाल्यावर, २०१३ पासून २३ कोटी हाँगकाँग डॉलरची योजना आखून ठरलेल्या जागांवरच्या टपऱ्या आगीला दाद न देणाऱ्या साहित्याने पुन्हा बांधून घेण्यास किंवा धोक्याच्या ठिकाणाहून हलवण्यास शहराने मदत केली. आगीचे निमित्त करून सगळ्यांनाच उठवता आले असते. ते केले नाही, हे नोंदवले पाहिजे.

याच्या उलट टोकाला कॅलिफोर्नियाचा कायदा आहे. १ जानेवारी २०१९ पासून लागू झालेल्या या कायद्याने पदपथावरील विक्रीसाठी फौजदारी शिक्षा करण्याचा मार्ग शहरांना बंद केला आणि निर्बंध घालायचे असतील तर ते आरोग्य, सुरक्षितता किंवा लोककल्याण यांच्या वस्तुनिष्ठ कारणांसाठीच घालता येतील असे ठरवले. शेजारच्या दुकानदाराला स्पर्धा नको आहे किंवा रहिवाशांना विक्रेते डोळ्यांसमोर नको आहेत, ही कारणे त्यात बसत नाहीत, असे कायद्यातच लिहून ठेवले आहे. पदपथावरून उठवण्याच्या तक्रारींत ही दोन कारणे किती वेळा रहदारीचा वेश घेऊन येतात, हे ज्यांनी अशा तक्रारी वाचल्या आहेत त्यांना सांगायला नको.

दुसरा प्रश्न जागेचा, आणि येथे सिंगापूरचे नाव आदराने घेतले जाते. ते बऱ्याच अंशी रास्तही आहे. १९६८-६९ मध्ये तेथे रस्त्यावरच्या विक्रेत्यांची बेटभर नोंदणी करण्यात आली आणि सुमारे १८,००० जणांना परवाने मिळाले. त्यानंतर १९७१ ते १९८६ या काळात त्यांना टप्प्याटप्प्याने पाणी, वीज आणि सांडपाण्याची सोय असलेल्या बांधीव बाजारांत हलवण्यात आले. आज असे ११० हून अधिक बाजार तेथे आहेत आणि डिसेंबर २०२० मध्ये या खाद्यसंस्कृतीचा समावेश युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत झाला. परदेशातून पाहणी करायला गेलेली शिष्टमंडळे चकचकीत ओटे पाहतात, छायाचित्रे काढतात आणि आपल्या शहरात तशीच एक इमारत बांधण्याचा ठराव करतात. त्यांच्या नजरेतून सुटते ते क्रमाचे शहाणपण : आधी नोंदणी आणि परवाना, मग जागा; पर्यायी जागा तयार होईपर्यंत परवानाधारकाला रस्त्यावर धंदा करू देणे; आणि नवे बाजार सार्वजनिक गृहवसाहतींच्या मधोमध बांधणे. तेथे घरे बांधणारे आणि बाजार बांधणारे शासन एकच होते, त्यामुळे गिऱ्हाईक कोठे राहायला जाणार आहे हे बाजाराची जागा निवडणाऱ्याला आधीच ठाऊक होते. रस्त्यावरून उठवलेल्या पहिल्या पिढीला भाड्यात सवलतही दिली गेली.

माझ्या आक्षेपाच्या जागा दोन. पहिली अशी की १९८० च्या दशकाच्या मध्यानंतर नवे बाजार बांधणे थांबले ते २०११ मध्ये पुन्हा बांधण्याची घोषणा होईपर्यंत, म्हणजे पाव शतकभर. त्या काळात धंद्यात येऊ पाहणाऱ्याला उपलब्ध गाळ्यांसाठी बोली लावण्यावाचून फारसा मार्ग नव्हता. गाळा घेऊन तो पोटभाड्याने देण्याचा प्रकारही बोकाळला आणि २०१२ मध्ये त्यावर बंदी घालावी लागली. न्यूयॉर्कच्या परवान्याचा रोग येथे गाळ्याला जडला होता, एवढाच फरक. दुसरी अशी की ही व्यवस्था मुख्यतः शिजवलेले अन्न आणि ताजा माल विकणाऱ्यांना मानवते. वस्तू खांद्यावर टाकून फिरणाऱ्या माणसाला ओटा लागत नाही, त्याला वर्दळ लागते. तरीही उद्याच्या जागेची खात्री या कसोटीवर सिंगापूरला चार गुण देण्यात मला संकोच वाटत नाही.

इमारतीची नक्कल करून क्रमाकडे पाठ फिरवली की काय होते, याची उदाहरणे पुष्कळ आहेत. मेक्सिको सिटीने ऑक्टोबर २००७ मध्ये ऐतिहासिक मध्यवर्ती भागातून हजारो विक्रेत्यांना उठवून आतल्या बांधीव संकुलांत पाठवले. विक्रेता तेथे गेला, पण ज्याच्या पायांवर त्याचा धंदा उभा होता तो वाटसरू जुन्याच रस्त्याने चालत राहिला. त्या रस्त्यांवर 'तोरेरो' म्हणून ओळखले जाणारे विक्रेते दिसतच राहिले : जमिनीवर कापड पसरून त्यावर माल मांडायचा, कापडाच्या चारही टोकांना दोऱ्या बांधून ठेवायच्या आणि पोलीस दिसताच एका हिसक्यात गाठोडे करून पसार व्हायचे. बँकॉकमध्ये १९९२ च्या स्वच्छताविषयक कायद्यानुसार ठरावीक पदपथांवर विक्रीला मुभा देण्याची चांगली पद्धत होती. २०१४ नंतर त्यातील अनेक ठिकाणांची मुभा काढून घेण्यात आली आणि वर्षानुवर्षे शुल्क भरणारे विक्रेते एका आदेशासरशी बेकायदा ठरले. ज्या सेवेची मुदत सेवा देणाऱ्याच्या मर्जीवर अवलंबून असते तिला परवानगी म्हणता येईल, हक्क म्हणता येणार नाही.

तिसरी खिडकी सर्वांत कमी प्रशस्त असते आणि सेवेची खरी पारख तेथेच होते : जप्त केलेला माल परत मिळण्याची खिडकी. पथविक्रेत्याचे सगळे भांडवल गाडीवर असते. दुकानदाराला दंड झाला तर त्याचा दिवस वाया जातो, विक्रेत्याची गाडी उचलली गेली तर धंदाच उचलला जातो. १७ डिसेंबर २०१० रोजी ट्युनिशियातील सिदी बूझिद येथे मोहम्मद बुआझिझी या फळविक्रेत्याचा माल आणि वजनकाटा जप्त झाला. तक्रार ऐकून घेणारे कोणी भेटेना तेव्हा त्याने सरकारी कार्यालयासमोर स्वतःला पेटवून घेतले, आणि १४ जानेवारी २०११ रोजी तेथील राष्ट्राध्यक्षांना देश सोडावा लागला. त्या उलथापालथीमागे इतर कारणे पुष्कळ होती. पण ठिणगी जप्तीच्या खिडकीवर पडली, हे विसरता येत नाही.

या बाबतीत कागदावरची सर्वोत्तम तरतूद भारताच्या २०१४ च्या पथविक्रेता अधिनियमात सापडते. जप्त मालाची यादी करून तिची सहीनिशी प्रत विक्रेत्याला द्यायची, नाशवंत माल मागणी केल्याच्या दिवशीच आणि टिकाऊ माल दोन कामकाजाच्या दिवसांत परत करायचा, जागेवरून उठवण्यापूर्वी ३० दिवसांची नोटीस द्यायची, असे हा कायदा सांगतो. पन्नास वर्षांहून अधिक काळ भरत आलेल्या नैसर्गिक बाजारांना वारसा बाजार मानून तेथील विक्रेत्यांना हलवू नये, अशी तरतूदही त्यात आहे. 'नैसर्गिक बाजार' हा शब्दच मला या कायद्यातील सर्वांत शहाणा शब्द वाटतो. बाजार नकाशावर रेघ मारून भरत नाही, तो देवळापाशी, स्थानकापाशी, दवाखान्यापाशी आपोआप भरतो, हे त्यात मान्य केलेले आहे. सर्वेक्षण पूर्ण होऊन प्रमाणपत्रे मिळेपर्यंत कोणाला हटवायचे नाही आणि प्रभाग, क्षेत्र किंवा शहर यांच्या लोकसंख्येच्या २.५ टक्क्यांपर्यंत विक्रेत्यांना सामावून घ्यायचे, म्हणजे १० लाखांच्या शहरात २५,००० जणांपर्यंत. न्यूयॉर्कच्या आकड्याशेजारी हा आकडा ठेवला की दोन विचारसरणींतील अंतर कळते.

अंमलबजावणी मात्र या कायद्याच्या उंचीची नाही. हा सगळा डोलारा नगर पथविक्रेता समितीवर उभा आहे. तिच्यात किमान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांनी आपल्यातून निवडून दिलेले आणि त्यांतील एक तृतीयांश महिला असाव्यात असे कायदा सांगतो, परंतु समितीचे अध्यक्षपद आयुक्ताकडे किंवा मुख्याधिकाऱ्याकडे असते आणि बैठक बोलावणे त्याच्याच हाती असते. जेथे समितीच नाही तेथे सर्वेक्षण नाही, सर्वेक्षण नाही तेथे प्रमाणपत्र नाही आणि प्रमाणपत्र नाही तेथे पथकाची गाडी आली की जुनेच नियम चालतात. सर्वेक्षण पाच वर्षांतून किमान एकदा व्हायचे असते. ते वेळेवर झाले तरी दोन सर्वेक्षणांच्या मधल्या काळात धंद्याला लागलेल्या माणसाची नोंद कोणत्या वहीत होते, याचे समाधानकारक उत्तर या व्यवस्थेत मिळत नाही.

त्या माणसाला अंशतः मदत झाली ती वेगळ्याच दाराने. जून २०२० मध्ये सुरू झालेल्या पीएम स्वनिधी योजनेत विक्रेत्याला तारण न घेता आधी १०,०००, ते फेडल्यावर २०,००० आणि नंतर ५०,००० रुपये खेळते भांडवल मिळू लागले, वेळेवर फेडणाऱ्याला व्याजात ७ टक्के सवलत ठेवली गेली, आणि सर्वेक्षणातून राहून गेलेल्यांनाही नगरपालिकेच्या शिफारसपत्रावर कर्ज मिळण्याची सोय झाली. २०२५ मध्ये पहिले दोन टप्पे वाढवून १५,००० आणि २५,००० रुपये करण्यात आले. रोज सकाळी सावकाराकडून पैसे उचलून संध्याकाळी व्याजासह परत करणाऱ्या माणसासाठी ही छोटी गोष्ट नाही. पण बँक ज्याला पतपात्र मानते त्याचीच गाडी दुसऱ्या दिवशी दुसरा सरकारी विभाग उचलून नेऊ शकतो, आणि हप्ता मात्र ठरल्या तारखेला भरावाच लागतो. जागेवाचून दिलेले कर्ज हे अर्धेच साहाय्य आहे.

जप्तीच्या प्रश्नावर दक्षिण आफ्रिकेत न्यायालयांना दोनदा ठामपणे बोलावे लागले. जोहान्सबर्गने ऑक्टोबर २०१३ मध्ये मोहीम काढून मध्यवर्ती भागातून हजारो विक्रेत्यांना, परवाना असलेल्यांसह, हटवले. डिसेंबरमध्ये तेथील घटना न्यायालयाने तातडीचा आदेश देऊन त्यांना परत बसू दिले. २०१५ मध्ये डरबनच्या उपविधीतील माल जप्त करण्याच्या तरतुदी उच्च न्यायालयाने घटनाबाह्य ठरवल्या. गंमत अशी की ज्या डरबनला न्यायालयाने हे सुनावले, त्याच डरबनने मी पाहिलेल्या सर्व शहरांत सर्वांत कल्पक सेवा उभी केली होती, आणि म्हणून त्याचे परीक्षण मी शेवटी ठेवले आहे.

डरबनचा वॉरविक जंक्शन हा रेल्वे, बस आणि टॅक्सी एकत्र येतात असा मोठा तिठा. रोज सुमारे ४,६०,००० लोक तेथून ये-जा करतात आणि त्यांच्या वाटेवर हजारो विक्रेते धंदा करतात. वर्णभेदाच्या राजवटीत ज्यांना शहरातून हाकलले जात असे त्याच लोकांना विचारून हा परिसर सुधारायचा, असे १९९० च्या दशकाच्या मध्यास महापालिकेने ठरवले आणि आरोग्य, रस्ते, वास्तुरचना, पोलीस अशा निरनिराळ्या विभागांच्या माणसांना त्याच परिसरातील एका जुन्या गोदामात एकत्र बसवले. कार्यालय बाजारातच असल्यामुळे अधिकाऱ्यांना प्रश्न नस्तीतून नव्हे, खिडकीतून दिसू लागले.

त्यातून निघालेले उपाय लहान आणि नेमके आहेत. मक्याची कणसे उकडून विकणाऱ्या स्त्रिया पदपथावरच चूल पेटवत आणि फरशा फुटत. त्यांना चुलीसाठी वेगळी जागा देऊन विक्रीची जागा आहे तेथेच ठेवली. गाईचे डोके शिजवून विकणाऱ्यांच्या कामातील चरबी पावसाळी गटारांत जाऊन ती तुंबत. त्यांच्यावर बंदी न घालता पाणी, निचरा आणि चरबी अडवण्याची सोय असलेले ओटे त्यांच्या कामाची पद्धत पाहून बांधले. पदपथांवर बसणाऱ्या वनौषधी विक्रेत्यांसाठी तर अपूर्ण राहून ओस पडलेल्या उन्नत महामार्गाच्या दोन तुकड्यांवर बाजार उभा केला आणि तो स्थानकाला पुलाने असा जोडला की प्रवाशांचा ओघ आपोआप त्यातूनच वाहू लागला. मेक्सिकोत जे चुकले ते येथे साधले : विक्रेत्याबरोबर वाटही हलवली. चोऱ्यामाऱ्यांचा बंदोबस्त करायला विक्रेत्यांनी स्वतःचेच गस्तीपथक उभारले आणि शहराने ते मान्य केले. २००१ मध्ये संपूर्ण शहरासाठी अनौपचारिक अर्थव्यवस्थेचे धोरणही मंजूर झाले.

इतक्या चांगल्या सेवेला मी पाचपैकी पाच गुण देणार होतो. त्याच वॉरविकमध्ये 'अर्ली मॉर्निंग मार्केट' नावाचा भाजीपाल्याचा बाजार १९१० पासून भरत आला आहे. त्याच्या शतकपूर्तीला एक वर्ष उरले असताना, २०१० च्या फुटबॉल विश्वचषकाच्या तोंडावर, महापालिकेने तो पाडून तेथे मॉल बांधण्याचा बेत जाहीर केला. विक्रेते रस्त्यावर उतरले, न्यायालयात गेले आणि पुढे महापालिकेला तो बेत सोडावा लागला. बाजार वाचला, पण माझा एक गुण मी कापला.